दोन ओव्यांची फेरी

१

चौसाळ्याच्या उत्तरेश्वर सुताराला माणसं तोंडावरून ओळखू यायची, लाकूड मात्र कानावरून. मोगरीचा एक ठोका मारला की सांधा भरीव आहे की आतून पोकळ, हे तो पाठमोरा उभा राहून सांगायचा. जन्मात आपला अंदाज दोनदाच चुकला, असं तो म्हणे. पहिल्यांदा एका तिफणीच्या बाबतीत, आणि ती गोष्ट तो हसत हसत कुणालाही सांगायचा. दुसऱ्या वेळचं कुणी विचारलं तर मात्र तंबाखू मळत बसायचा. ती ही गोष्ट.

निजामाचा अंमल, फसली साल तेराशे पंचविसाचा सुमार. गावाबाहेरच्या टेकडीवर पीरसाहेबांचा उरूस भरला होता, पाच दिवसांचा. त्या दिवसांत उत्तरेश्वरचा एक नेम ठरून गेला होता. ऊन टेकडीवर आलं की एका हातात मोगरी आणि दुसऱ्या हातात एरंडेलाचा डबा घेऊन तो माथ्यावर चढायचा आणि तिथून घसरगाडीच्या लाकडी रुळावरून पायी पायी खाली यायचा. प्रत्येक सांध्याला एक ठोका द्यायचा, कान लावायचा, तेलाचा बोळा फिरवायचा. रुळाला चार उतार होते. पहिले दोन उरुसाच्या अंगाला, सगळ्यांना दिसणारे. मग रूळ टेकडीला वळसा घालून मागं जायचा, तिकडं तिसरा आणि चौथा. चौथा संपला की एका काळ्या खडकाआडून रूळ एकदम पुढं यायचा आणि कडब्याच्या गंजीपाशी थांबायचा.

ही घसरगाडी म्हणजे बीडच्या इसाक मिस्त्रीचं डोकं. इसाक गिरण्यांची यंत्रं दुरुस्त करायचा. कामासाठी मुंबईला गेला होता, तिथं समुद्राच्या कडेला लाकडाचा डोंगर उभा केलेला त्यानं पाहिला. माणसं गाडीत बसून त्या डोंगरावरून घसरायची म्हणे. इसाक गेला तेव्हा तो डोंगर मोडायला काढला होता. त्यानं ते लाकूड उचललं, बार्शीपर्यंत रेल्वेनं आणि पुढं बैलगाड्यांनी चौसाळ्यात आणून टाकलं आणि उत्तरेश्वरला म्हणाला, "आपल्याकडं डोंगर आयता हाय बे. नुस्ता रूळ टाकायचा."

गाडी वर ओढायला मोटेचीच तऱ्हा केली. माथ्यावर चाक बसवलं, त्यावरून नाडा घेतला, आणि विहिरीतून मोट ओढावी तशी बैलजोडी गाडीला वर ओढू लागली. एकदा गाडी माथ्यावरून सुटली की पुढचं काम तिच्या वजनाचं.

लाकडावर जागोजाग खुणा कोरलेल्या होत्या. पहिल्या उताराच्या लाकडांवर एक रेघ, दुसऱ्याच्या दोन, असं करत चार. त्यापुढच्या लाकडांवर मात्र एकदम सहा रेघा. पाच रेघांचं एकही लाकूड गाड्यांत आलं नव्हतं. उत्तरेश्वरनं थोडा विचार केला आणि चौथ्याला सहावा जोडला, गंजीकडं जाणारा सपाट तुकडा. मोगरीनं ठोकून पाहिलं. सांधा भरीव वाजला.

२

खरी मेख होती ती त्या काळ्या खडकापाशी. गाडी खडकाआडून दिसली आणि मग खाली रुळाशेजारचा बिरेकचा दांडा दाबला तर गाडी थेट गंजीत घुसायची. म्हणून ती दिसायच्या आधीच दांडा दाबावा लागे. आणि दांडा दाबायचा म्हणजे अंगाचं सगळं वजन त्यावर टाकायचं. धडधाकट गड्यालाही ते फार वेळ धरवत नसे. लवकर दाबून भागत नव्हतं आणि उशिरा दाबून तर मुळीच नाही.

इसाकनं आकडे मोजून पाहिले. गाडी खडकाशी येते तेव्हा आपण एकवीसवर असतो, असं त्यानं ठरवलं. पण उत्तरेश्वर आकडे मोजायला लागला की घाबरून भरभर मोजत सुटायचा, एकविसाला पोचायचा तेव्हा गाडी अजून टेकडीमागंच. दोनदा असं झाल्यावर त्याची बायको भिवराबाई म्हणाली, "अवं, मोजता कावून? ओवी म्हना. ओवी घाईत म्हनता येत न्हाई."

भिवराबाईच्या जात्यावरच्या ओव्या तो लग्नापासून पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत आला होता. त्यातल्या पहिल्या दोनच त्याला पाठ होत्या, कारण तिसरी सुरू होईपर्यंत त्याचा पुन्हा डोळा लागायचा.

सुतार माज्या दादा, पाट गं चंदनाचा
मदी बसाया जागा, मान गं बहिणीचा

जोडीच्या जोडणीचं, जातं गं हलकं झालं
माज्या गं मयनेनं, अर्दं गं वझं नेलं

दुसरी ओवी संपली की दांडा दाबायचा. मापात बसलं. बायकी ओव्या म्हणणारा सुतार बघायलाही उरुसात माणसं जमू लागली. उत्तरेश्वरनं ते मनावर घेतलं नाही.

दुसरी ओवी म्हणताना मात्र त्याला दर वेळी वाईट वाटायचं. एकुलती लेक तीन वर्षांमागं दिंद्रुडला दिली, तेव्हापासून भिवराबाई जात्यावर एकटी बसत होती. जातं दोघींचं, खुंटा उंच, समोरची जागा रिकामी. "जड जातं बगा," एवढंच ती कधीतरी म्हणायची. आणि तो हूं म्हणून कुशीवर वळायचा.

बिरेकचा दांडा लाकडाबरोबर मुंबईहूनच आलेला. त्याच्या मुठीची जागा वापरून वापरून झिजली होती, आणि झीज अशी की उत्तरेश्वरचा पंजा तिथं मावत नव्हता. भिवराबाईनं सहज हात ठेवला तर नेमका बसला.

"तिकडं बिरेकवर बाई व्हती का काय?" त्यानं इसाकला विचारलं.

"मी कुटं पाह्यली? मी गेलतो तवा समदं मोडत व्हते."

३

पहिला दिवस झकास गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी रुळावरून उतरताना उत्तरेश्वरला चौथ्या आणि सहाव्या लाकडाच्या सांध्यावर पांढरं काही दिसलं. पिठासारखं, बारीक. बोट लावून जिभेवर ठेवलं तर मीठ. लाकूड समुद्राकडचं, उन्हानं अंगातलं मीठ बाहेर टाकलं असेल. त्यानं बोळ्यानं पुसलं आणि पुढं गेला.

त्याच दिवशी दुपारी एक फेरी उशिरा आली. उशीर तो केवढा, तर एका शब्दाचा. 'नेलं' म्हणून त्यानं दांडा दाबला आणि गाडी लगेच यायची ती आली नाही. दांड्यावर लोंबकळत राहावं लागलं आणि मग आली.

उत्तरेश्वर काही भुताखेताला घाबरणारा माणूस नव्हता. त्यानं कारणं शोधली. तेल उन्हानं सुकलं असेल. गाडीत हलकी माणसं असतील. वारा समोरचा असेल. तेल पुन्हा लावलं, पुढच्या फेरीत चार जाडजूड माणसं बसवली, वारा पडल्याचंही पाहून घेतलं. ती फेरी दोन शब्दांनी उशिरा आली.

त्यानं इसाकला हाक मारली. इसाक माथ्यावर बैलांपाशी असायचा.

"गाडी मंद चालली का?"

"न्हाई बा. रोजच्यावानीच हाय. तूच घाई करत असशील."

हेही कारण होऊ शकत होतं. उत्तरेश्वरनं ते मान्य केलं, कारण मान्य करायला सोपं होतं. संध्याकाळी सगळा रूळ पुन्हा पायी फिरून आला. टेकडीमागं तिसरा उतार, मग चौथा, मग खडक. खाली ज्वारीचं कापलेलं रान, दोन बाभळी, एक वाट चुकलेली शेळी. ठोके सगळीकडं भरीव. पळसाला पानं तीनच, तसे उतार चारच.

४

तिसऱ्या दिवशी बायडाबाई कासारीण गाडीतून उतरली. जिभेचा पट्टा सुटला की उरुसातला नगारा मागं पडेल अशी ही बाई. पण उतरली ती गप्प. गळ्याभोवतीचा पदर काढून तिनं तोंडावरून फिरवला.

"काय बायडाबाई, भ्या वाटलं का?"

"भ्या कशाचं? लई ग्वाड वाटलं. तो पाचवा उतार तर लईच. तिथं वारं कसं गार लागतं."

"उतार चारच हायेत."

"मला मोजता येत न्हाई व्हय सुतारदादा? बांगड्यांचा धंदा हाय माजा." मग हातात धरलेला पदर तिनं पिळला, आणि त्यातून चार थेंब पाणी मातीत पडलं. त्या टेकडीवर पाण्याचा टिपूस नाही. प्यायलासुद्धा घागर खालून वर न्यावी लागते. बायडाबाईनं त्या थेंबांकडं पाहिलं, उत्तरेश्वरकडं पाहिलं, आणि आपल्या दुकानाकडं निघून गेली.

तिच्यामागच्या फेरीला उत्तरेश्वरनं जे केलं त्याची लाज त्याला पुढं कायम वाटत राहिली. गाडी टेकडीमागं गेली. चाकांची घरघर त्याला ऐकू येत होती. पहिली ओवी संपली, दुसरी अर्ध्यावर आली, आणि त्याच वेळी कुणीतरी विडी पेटवायला विस्तव मागितला. तो बोलायला थांबला.

घरघरही थांबली.

विस्तव मागणारा माणूस निघून गेला. उरुसात नगारा चालू होता, पिपाण्या चालू होत्या, दर्ग्याकडून कुणाच्या हसण्याचा आवाज येत होता. टेकडीमागून मात्र काहीच नाही. उत्तरेश्वरला वाटलं, हा योगायोग. आणि योगायोगच आहे हे पाहायचं म्हणून त्यानं आणखी थोडं तोंड मिटून ठेवलं. चार जितीजागती माणसं त्या गाडीत होती हे ठाऊक असून ठेवलं. आवाज नाही. मग घाम फुटलेल्या तोंडानं तो पुटपुटला, "माज्या गं मयनेनं..." आणि टेकडीमागं चाकं हलली.

त्यानं दांडा दाबला. गाडी आली. उतरणारी माणसं खुशीत होती. त्यातल्या एकाला त्यानं बाजूला घेऊन विचारलं, मधे गाडी थांबली होती का? तो म्हणाला, "थांबली न्हाई, पर थांबली असती तरी चाललं असतं."

५

चौथ्या दिवशी उत्तरेश्वरनं एकदाही तोंड बंद केलं नाही. दोन ओव्या पुरेनात तेव्हा तो त्याच पुन्हा म्हणू लागला. दिवस मावळताना दुसऱ्यांदा पहिली ओवी पूर्ण होऊन गेली तरी गाडी येत नव्हती. घसा बसला. शेवटची फेरी झाल्याबरोबर तो घरी आला आणि भिवराबाईला सगळं सांगून मोकळा झाला.

ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं, भाकरी तव्यावर टाकली आणि मग म्हणाली, "बसवणी केली व्हती का?"

उत्तरेश्वरला ते आत्ता आठवलं.

सुताराच्या घरातली ही रीत. नवी गाडी असो, पाळणा असो, बाज असो, गिऱ्हाईकाच्या हाती द्यायच्या आधी घरचं माणूस तिच्यावर एकदा बसतं. बहुतेक घरधनीणच बसते. लाकडाला आधी घरच्या माणसाचं वजन कळावं, मग परक्याचं. त्याला बसवणी म्हणतात. उत्तरेश्वरच्या बापानं ती कधी चुकवली नाही, उत्तरेश्वरनंही नाही. घसरगाडीच्या वेळी मात्र त्याला वाटलं, लाकूड जुनं, काम दुसऱ्याचं, आपण नुसतं जोडलं. जुन्याची कसली बसवणी?

"न्हाई केली," तो म्हणाला.

"मंग आपल्या आदी दुसरंच कुणीतरी बसलं आसंल. उद्या शेवटचा दिस. सकाळी मी बसते. नारळ फोडू आन मिटवू."

"तू न्हाई बसायचं."

"रीत घरधनणीची हाय."

"रीत गेली उडत," तो म्हणाला. असं तो बायकोशी कधी बोलत नसे. टेकडीमागं काय आहे ते त्याला ठाऊक नव्हतं, पण तिथं भिवराला पाठवायचं नाही, एवढं पक्कं होतं. लेक गेल्यापासून घरात एकच आवाज उरला होता आणि त्याला तो गमवायचा नव्हता. हे त्यानं तिला सांगितलं नाही. म्हणाला, "मी बसतो. मीबी घरचाच हाय. तू खाली दांड्यापाशी ऱ्हा. तुला तर समद्या ओव्या येत्यात. मला दोनच येत्यात."

भिवराबाईनं तव्यावरची भाकरी उलटली.

"दांडा मला दाबंल?"

"मूठ तर तुज्याच हाताची हाय," तो म्हणाला आणि त्याला त्या वेळी ते चांगलंच वाटलं.

६

सकाळी उरूस अजून अंग झाडत होता. इसाकनं बैल जुंपले. नारळ गाडीच्या पुढच्या फळीवर ठेवला. उत्तरेश्वर एकटा बसला. चाक कुरकुरलं, नाडा ताणला गेला आणि गाडी माथ्याकडं निघाली.

त्यानं हा रूळ जोडला होता, पन्नास वेळा पायी उतरला होता, पण वर बसला होता तो पहिल्यांदाच. माथ्यावर गाडी क्षणभर थांबली. खाली चौसाळा, हमरस्ता, रस्त्यावरची एक बैलगाडी. दांड्यापाशी हिरव्या लुगड्यातली भिवरा. इसाकनं नाडा सोडला.

पहिल्या उताराला पोट वर आलं. दुसऱ्याला त्याला हसू फुटलं, चाळिशीतल्या सुताराला न शोभणारं. लोक कशाला येतात ते त्याला तेव्हा कळलं. अंगाचं ओझंच राहत नाही. खालून भिवराचा आवाज येत होता, स्वच्छ, "सुतार माज्या दादा". गाडी वळली आणि टेकडीमागं गेली.

तिसरा उतार. चौथा. ठोक्यानं ओळखीचे झालेले सांधे चाकाखाली एक एक करून वाजत गेले, आणि त्याच्या हातचा तो सांधा आला, चौथ्या-सहाव्याचा. गाडी त्यावरून गेली तेव्हा तो पोकळ वाजला. रिकाम्या कणगीवर थाप मारावी तसा.

पुढं खडक यायला हवा होता. पुढं रूळ होता.

उतार लांब होता आणि फार हळू होता. उत्तरेश्वरनं नजर मुद्दाम खाली रुळावर ठेवली. फळ्यांवर पाच रेघा होत्या. सांधे चांगले होते, पण त्यानं केलेले नव्हते. वारा आला, ओला, ओठांवर खारट. डाव्या हाताला डोळ्यांच्या कडेनं काहीतरी निळं, सपाट, संपतच नाही असं दिसत होतं, आणि तिकडून आवाज येत होता दळणाचा. एका जात्याचा नव्हे. मुलखातली सगळी जाती एकाच वेळी फिरत असावीत, थांबत असावीत, पुन्हा फिरत असावीत. तिकडं पाहावं असं त्याला फार वाटलं. वाईट वाटण्यासारखं तिथं काहीच नव्हतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटली.

मागं, खूप लांब, भिवरा म्हणत होती. दोन्ही ओव्या संपल्या. तिनं तिसरी धरली, जी ऐकायच्या आत तो रोज झोपायचा. मग भावाच्या. मग लेकीच्या लग्नातल्या. मग लेकीच्या पाळण्याच्या. एवढ्या ओव्या तिला येतात हे त्याला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं. एक एक संपत होती आणि गाडी तसतशी पुढं सरकत होती, आणि उतार काही संपत नव्हता. शेवटी तिचा आवाज चाचपडायला लागला. एक ओवी तिनं दोनदा म्हटली. मग थांबली.

चाकं थांबली.

उत्तरेश्वर फळीला धरून बसून राहिला. खाली उतरून पायी जावं असं मनात आलं आणि पायांनी ऐकलं नाही. किती वेळ गेला कळलं नाही. मग भिवराचा आवाज पुन्हा आला, जरा अडखळत, ऐकून ऐकून म्हणतो तसा.

निळ्या गं रानामंदी, न्हाई गं बांध कुटं
पाण्याचं पीठ पडं, जातं गं फिरं मोटं

समुद्र भिवरानं पाहिला नव्हता. तिच्या आईनं, आजीनं, कुणीच पाहिला नव्हता. आणि प्रत्येक शब्द तिच्या आधी, अगदी थोडा आधी, दुसरं कुणीतरी म्हणत होतं.

चाकं हलली. खडक आला. गाडी त्याच्या आडून बाहेर पडली आणि उत्तरेश्वरला एका नजरेत एवढंच दिसलं. बिरेकचा दांडा पार जमिनीला टेकेपर्यंत दबलेला होता, आणि त्यावर भिवराचा एकच हात होता. दुसऱ्या हातानं ती पदर सावरत होती.

७

"लई वेळ लागला," तो उतरता उतरता म्हणाला. पाय मातीला लागल्यावर त्याला रडू आलं, डोळे त्यानं उपरण्यानं पुसले.

इसाक माथ्यावरून खाली आला होता. "कसला वेळ बे? आत्ता तर सोडली गाडी. मी बैल वळवून मागं बगतो तर तू पोचलेला."

नारळ फळीवर नव्हता. वाटेत कुठंतरी पडला असेल असं इसाक म्हणाला आणि दुसरा आणायला गेला.

उत्तरेश्वरनं बायकोकडं पाहिलं. ती दमलेली दिसत नव्हती. चेहरा निवांत होता, लेक माहेरी आली की होतो तसा.

"तुज्या ओव्या सरल्या व्हत्या ना?"

"सरल्या की. मला येत व्हत्या तेवड्या समद्या म्हनून झाल्या."

"मंग?"

"मंग तिनं सांगितल्या."

"कुणी?"

भिवराबाईनं दांड्याकडं मान केली. तिथं कुणी नव्हतं. मुठीच्या झिजलेल्या जागेवर पाणी चमकत होतं.

"दांडाबी तिनंच दाबला. माज्यानं कुटं दाबतोय," ती म्हणाली आणि टोपलं उचलून घराकडं चालू लागली.

त्या दिवशी घसरगाडी सुरूच झाली नाही. इसाकनं आरडाओरडा केला, शिव्या दिल्या, मग उत्तरेश्वरचं तोंड पाहून पहार घेऊन आला. दोघांनी मिळून रूळ सोडवला. चौथ्या-सहाव्याचा सांधा उघडताना उत्तरेश्वरनं मोगरीचा ठोका मारला. सांधा भरीव वाजला. लाकूड इसाक घेऊन गेला. दांडा मात्र उत्तरेश्वरनं मागून घेतला, कुऱ्हाडीनं तुकडे केले आणि परसात जाळला. जळताना तो निळा जळला.

८

मिटलं असं त्याला आठ दिवस वाटलं.

नवव्या दिवशी पहाटे त्याला जाग आली ती जात्यानं. घरघर हलकी होती, सरळ होती, मधे न अडखळणारी. लेक घरात होती तेव्हा असं दळण व्हायचं. तो उठून बसला. पहिली ओवी झाली, दुसरी झाली आणि तो झोपला नाही म्हणून त्याला पुढची ऐकू आली.

तुज्या गं संगतीला, बसते गं मांडी देऊन
अर्दं गं वझं नेते, अर्दी गं जागा घेऊन

त्यानं दारातून पाहिलं. भिवराबाई जात्याच्या एका अंगाला बसली होती, पाय दुमडून, समोरच्या माणसाला पाय पसरायला जागा द्यावी तशी. खुंट्यावर तिचा हात खाली होता. वरची जागा तिनं सोडली होती. समोर बसायला अंथरलेलं पोतं ओलं होतं. आणि ओवीचं पहिलं चरण तिचं नव्हतंच. ती मागून म्हणत होती.

"भिवरे," त्यानं हाक मारली.

"आता जड जात न्हाई बगा," ती न बघता म्हणाली. तिच्या आवाजात सुख होतं. तीन वर्षं ती हेच सांगत होती आणि तो कुशीवर वळत होता. गाडीत बसणं धोक्याचं, म्हणून त्यानं तिला दांड्यापाशी उभं केलं होतं. गाडीतली माणसं तर रोज परत येत होती. एकटेपण होतं ते दांड्यापाशी.

तो समोर जाऊन बसायला लागला.

"तिथं न्हाई," भिवराबाई हळूच म्हणाली. "तिथं कुटं जागा हाय?"

तेव्हा तो तिच्या अंगाला बसला, तिच्या मागं, गुडघे मोडून, आणि तिच्या हातावर आपला हात ठेवला. खुंट्याच्या वरच्या टोकाला तो शिवला नाही. गार हवा तिथून त्याच्या मनगटावर येत होती. जातं एकदम जड झालं. घोगऱ्या आवाजात त्यानं म्हणायला सुरुवात केली, "सुतार माज्या दादा, पाट गं चंदनाचा." भिवराबाईनं जात्याला आणखी एक फेरा दिला. मग तिनं त्याचं चरण उचललं.

चौसाळ्यात अजून सांगतात की उत्तरेश्वर सुतार बायकोबरोबर दळायला बसायचा. पुरुषानं जात्याला हात लावलेला गावानं पाहिला नव्हता, तेव्हा हसायला निमित्त मिळालं. बायडाबाई कासारीण तेवढी कधी हसली नाही. इसाकनं एकदा विचारलं, "कावून करतोस बे हे?" उत्तरेश्वर म्हणाला, बायकोला जड जातं. ते खोटं नव्हतं.

रोज पहाटे तो बसतो. त्याला दोनच ओव्या येतात. त्या संपल्या की तो पुन्हा पहिलीपासून धरतो, पायलीभर ज्वारी दळून संपेपर्यंत, घसा सुकेपर्यंत, म्हणजे तिसरी कुणी सांगायला नको आणि भिवरानं ती उचलायला नको. त्या पहाटेपासून खारट झालेली भाकरी अजून खारट लागते, पण पहिल्याइतकी नाही. एक ओवी संपली की दुसरी तो लगेच धरतो, मधे शब्दाचीही जागा ठेवत नाही.

श्वास मात्र घ्यावाच लागतो.